त्र्याण्णव साली न आलेलं श्राद्ध

"तुमची कंपनी कायद्याने नीट चालते, तिच्यावर काही बालंट नाही, असा सरकारी दाखला पाठवा. मगच माल उचलू." सिंगापूरहून असा फॅक्स आला आणि मी एसटीडी बूथमधल्या स्टुलावरच बसलो. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस मी. गल्लीतलं कुत्रंसुद्धा मला बघून बाजूला होतं. आणि समुद्रापलीकडचा कोण कुठला व्यापारी माझ्या कंपनीची चालचलणूक विचारतो! बूथवाल्याने तो फॅक्स माझ्याआधी वाचला होता, हे त्याच्या तोंडावरून दिसतच होतं. त्याने पैसे घेताना माझ्याकडे जरा दयेने पाहिलं.

कंपनी म्हणजे 'अनिरुद्ध फूड्स प्रायव्हेट लिमिटेड'. नाव भारदस्त आहे, माल एकच : नारत्तंगाय. लिंबाच्या जातीचं हे थोराड, आंबट फळ चक्रासारखं कापून, मीठ भरून, उन्हात काळं होईस्तोवर वाळवायचं. पोट बिघडलं की दहीभाताबरोबर एक तुकडा. तंजावुरात हे घरोघर करतात, पण माझ्या बायकोच्या, महालक्ष्मीच्या हातचं काही वेगळंच होतं. माझे वडील अनिरुद्धराव, आमचे अप्पा, यांनी सुनेचा हा गुण हेरला आणि कुणी न सांगता कंपनी नोंदवून टाकली. वर्षभराने ते वारले. तेव्हापासून व्यवस्थापकीय संचालक मी. आई, म्हणजे वेंकूबाई, आणि महालक्ष्मी या दोघी संचालक. बंगळूरचा धाकटा भाऊ वेंकटराव आणि सेलमची बहीण हिराबाई हे नुसते भागधारक.

सिंगापूरच्या त्या व्यापाऱ्याने कुठल्याशा लग्नात आमची नारत्तंगाय खाल्ली आणि होईल तेवढा माल मागितला. हे ऐकल्यावर महालक्ष्मीने राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतल्या चार बायका कामाला बोलावल्या आणि गच्ची फळांनी भरून टाकली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बरण्या कुठल्या घ्याव्यात, ऊन कधी उतरतं, जहाजात दमट हवा लागेल का, नुसता सपाटा. आणि आता हा फॅक्स.

"दाखला कोण देतो?" तिने विचारलं.

"मिळेल," मी म्हणालो. कोण देतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

समोरच्या घरात सांबशिव राहतात. पोस्टातून निवृत्त. त्यांना ठाऊक नाही असं सरकारी खातं नाही, आणि त्यांच्या सल्ल्याने काम झालेला माणूसही अजून कुणी पाहिलेला नाही. ते तमिळमध्ये म्हणाले, "रघुपती सार, एवढंच ना? ओरत्तनाडूच्या नोंदणी कचेरीत माझा भाचेजावई आहे."

मी धोतर सोडून पँट घातली आणि बसने ओरत्तनाडूला गेलो. भाचेजावयाने माझं सगळं ऐकून घेतलं, कॉफी पाजली आणि म्हणाला, "आमच्याकडे दोनच गोष्टी नोंदतात सार. जमीन आणि लग्न. तुमची कंपनी यांतली कोणती?"

मी तसाच परत आलो. सांबशिव जरासुद्धा खजील झाले नाहीत. "अय्यो, मग पोलिसांचा दाखला असणार!" ते म्हणाले. "परदेशी जाणाऱ्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतोच. तुमची कंपनीच परदेशी चालली आहे."

हे मला पटलं. का पटलं, हे आज विचारू नका. मी ठाण्यात अर्ज दिला, आणि त्याच आठवड्यात एक हवालदार सायकलवरून आमच्या गल्लीत चौकशीला आला. त्याच्याजवळ पासपोर्टवाल्यांसाठीचा छापील कागद होता आणि त्यावरचे सगळे प्रश्न विचारायचे, असा त्याला हुकूम होता. तो घरोघर जाऊन विचारू लागला : अनिरुद्ध फूड्सला ओळखता का? किती वर्षांपासून? दारू पिते का? रात्री वेळेवर घरी येते का? शेजारणींनी एकमुखाने सांगितलं, फार चांगल्या घरची आहे. तिसऱ्या घरात त्याने अंगावरची खूण विचारली, तेव्हा मला बाहेर येणं भाग पडलं. कंपनीला अंग नसतं, हे मी त्याला समजावलं. "मग पकडायचं कुणाला?" असं विचारून तो माझ्याकडे रोखून बघू लागला. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली की रघुपती मास्तरांना पोलीस शोधत होते. माझ्या शिकवणीची दोन मुलं दुसऱ्या दिवसापासून आली नाहीत.

शेवटी आमचे ऑडिटर पोटदुखीसाठी नारत्तंगाय मागायला आले असताना त्यांनी सहज सांगितलं की हा दाखला मद्रासला, कंपन्यांच्या कचेरीत मिळतो. हे गृहस्थ इतकी वर्षं आमचे हिशेब तपासत होते. मला आधी का नाही सांगितलंत, विचारलं तर म्हणाले, "तुम्ही विचारलंच कुठे?"

मद्रासला ज्यांच्यासमोर मी बसलो त्यांचं नाव त्यागराज. कपाळावर विभूती, आवाज मऊ. बोलणं सगळं तमिळमध्ये. त्यांनी आमची फाईल काढली तेव्हा मी मनात जरा फुगलो, कारण फाईल जाडजूड होती. वर्षाला एक वार्षिक सभा, प्रत्येक ठराव सर्वानुमते मंजूर, एकही तक्रार नाही. अशा कंपन्या मद्रासेत तरी किती असतील?

त्यागराजांनी पानं पुढे उलटली, मग मागे उलटली, मग परत पुढे. "सार, ब्याण्णवची सभा डिसेंबरात आहे. पुढची एकदम चौऱ्याण्णवच्या जानेवारीत. त्र्याण्णवची कुठे?"

"तीच ती त्र्याण्णवची," मी म्हणालो.

"ही चौऱ्याण्णवात आहे."

मग मला सगळं सांगावं लागलं. आमच्या कंपनीचे भागधारक वर्षातून एकाच दिवशी तंजावुरात जमतात : अप्पांच्या श्राद्धाला, मार्गशीर्ष वद्य षष्ठीला. कंपनीची सभा वेगळी ठेवली तर भाऊ येत नाही, बहिणीला रजा नाही. म्हणून ब्राह्मणांचे संकल्प-होम उरकले की पानं मांडेपर्यंतच्या वेळात आम्ही वार्षिक सभा घेतो. श्राद्ध तिथीने येतं. तिथी चंद्राप्रमाणे सरकते. त्र्याण्णव साली अधिक महिना पडला, तेव्हा षष्ठी जरा पुढे गेली.

"किती पुढे?"

"डिसेंबर संपून जानेवारीत."

त्यागराजांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे इंग्रजी त्र्याण्णव सालात तुमच्या वडिलांचं श्राद्ध झालंच नाही?"

मी हबकलो. हे मला आजवर सुचलंच नव्हतं. सनावळ्या शिकवण्यात माझा जन्म गेला, लढाई एका वर्षाने चुकवणाऱ्या पोरांच्या मी टाळक्यात डस्टर मारले, आणि माझ्याच घरातून एक अख्खं वर्ष अप्पांच्या श्राद्धाशिवाय निघून गेलं होतं. त्यागराजही थोडे हबकले असावेत, कारण त्यांनी महिने बोटांवर पुन्हा मोजले. मग त्यांनी पुढचं पान उघडलं. "आणि चौऱ्याण्णवात दोन सभा. एक जानेवारीत, एक डिसेंबरात."

"मग झालं तर!" माझ्या जिवात जीव आला. "त्यातली एक त्र्याण्णवात घ्या."

"सार, ही रेशनची साखर नव्हे. या महिन्याची त्या महिन्यात घ्यायला." ते थांबले आणि मऊपणानेच म्हणाले, "आमच्यात श्राद्धाला सौर महिना बघतात, तो सरकत नाही." सूर्य जणू कंपनी कायदा वाचूनच उगवतो, असा त्यांचा सूर होता.

कायदा सांगतो की प्रत्येक इंग्रजी वर्षात एक सभा झालीच पाहिजे. आमची कंपनी चार वर्षं कसूरदार होती, आणि कसूरदार कंपनीला दाखला मिळत नाही. त्यागराजांनीच वाट सांगितली : त्र्याण्णवात सभा झाली नाही असं सगळ्या संचालकांनी सहीनिशी कबूल करायचं, दंड भरून प्रकरण मिटवायचं, आणि या वर्षीची सभा सप्टेंबरात, कामाच्या दिवशी, कचेरीच्या वेळेत घेऊन तिचं इतिवृत्त त्यांना दाखवायचं. "आणि सार, त्या दिवशी घरात कसलंही कार्य नको," ते म्हणाले.

कबुलीचा कागद घेऊन मी तंजावुरला आलो. महालक्ष्मीने वाचला, सही केली आणि परत गच्चीवर गेली. आईने वाचायला सांगितला. मी मराठीत समजावून सांगितला. ती उठून उभी राहिली.

"मी सही करणार नाहीं."

"आई, नुसती सभा झाली नाही एवढंच आहे त्यात."

"सभा कोणत्या दिवशीं होते? श्राद्धादिवशीं. सभा झाली नाहीं म्हणजे श्राद्ध झालें नाहीं. मी माझ्या नवऱ्याचें श्राद्ध चुकवलें म्हणून सर्काराला लिहून द्यूं? ह्या वयांत?"

मी पुष्कळ समजावलं. अधिक महिना सांगितला, सूर्य-चंद्र सांगितले, फळ्यावर आकृती काढून दाखवावी तसं भिंतीवर बोटाने काढून दाखवलं. आईने एवढंच विचारलं, "षष्ठीला केलें कीं नाहीं?" केलं, मी म्हणालो. "मग चुकलें कुठें?" ती म्हणाली आणि आत गेली. सांबशिव दारातून ऐकत होते. त्यांनी मला खुणेने बाहेर बोलावून आईचा अंगठा झोपेत उठवून घ्यायचा सल्ला दिला. माझी आई सही करते, अंगठा नव्हे, हे मी त्यांना सांगितलं, आणि हे सांगण्यापर्यंत पाळी आली याचीच मला लाज वाटली.

सिंगापूरहून दुसरा फॅक्स आला. सप्टेंबरअखेरीस दाखला नाही तर ते दुसरीकडे बघणार होते. महालक्ष्मीने तो माझ्याकडून वाचून घेतला. मग ती आईसमोर जाऊन बसली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिला सासूशी वाद घालताना पाहिलं.

"हीं सगळीं फळें वाळलीं," ती म्हणाली. "त्या चौघी बायकांस मी काय सांगूं? माझ्या हाताचें कोणी इतक्या लांबून मागितलें, हें एकदांच झालें."

आईने गच्चीच्या जिन्याकडे एकदा पाहिलं. मग मला म्हणाली, "लिही. सभा झाली नाहीं, सरी, कबूल. पण श्राद्ध षष्ठीला, यथासांग, दोन ब्राह्मण बसवून केलें. तें लिहिलेंस तर मी सही करतें."

कायद्याच्या कागदात श्राद्ध! मद्रासला ते वाक्य बघून त्यागराज हसतील, कागद फेकतील, अशी मला खात्री होती. त्यांनी ते दोनदा वाचलं. "याची गरज नाही," ते म्हणाले. "पण राहू द्या. या फाईलमध्ये वाद घालता येणार नाही असं हे एकच वाक्य आहे." मी बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. सरकारी माणूस असंही बोलू शकतो, या धक्क्यातून सावरायला मला जरा वेळ लागला.

राहिली सभा. मी सप्टेंबरातला एक बुधवार ठरवला, रीतसर नोटिसा पाठवल्या आणि फोनवर वेंकटरावाची आणि हिराबाईची चिडचिड ऐकून घेतली. दोघं आली. घरात होमाचा धूर नव्हता, ब्राह्मण नव्हते. माजघरात चटया अंथरल्या, माझी फिरती खुर्ची मी मध्ये ठेवली. इतिवृत्त मी दरवर्षीप्रमाणे आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. प्रत्येक ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर'.

"हिशेब सर्वानुमते मंजूर," मी वाचलं.

"थांब, अण्णा," हिराबाई म्हणाली.

मी थांबलो. इतक्या वर्षांत मला सभेत कुणी थांबवलं नव्हतं.

"ही फिरती खुर्ची कंपनीच्या खर्चांत कां?"

मी काही बोलायच्या आत वेंकटराव सरसावून बसला. कुंभकोणमच्या त्या मोठ्या दुकानदाराला माल का दिला नाही? तो मला 'मिस्टर' म्हणाला, 'सार' म्हणाला नाही, हे कारण मी दिलं. वेंकटरावाने कपाळावर हात मारला. मग हिराबाईने पिशवीतून एक बरणी काढून माझ्यासमोर आपटली. "आणि हा लेबलावर तुझा फोटो कां? फळ कापते ती, मीठ भरते ती, आणि वर तुझें तोंड! माझ्या नणंदेनें विचारलें, ह्यांना पोटदुखी आहे कां म्हणून."

ही दोघं माझी सख्खी भावंडं. दरवर्षी ह्याच माजघरात माझ्या प्रत्येक ठरावाला मुंड्या हलवणारी. मी म्हणालो, "हे सगळं आत्ताच सुचलं तुम्हाला? आजवर एक शब्द नाही!"

"आजवर श्राद्ध असे," हिराबाई म्हणाली. "श्राद्धादिवशीं कोणी आवाज चढवतो कां? भांडण झालें कीं पितर न जेवतां उठून जातात. आम्हीं काय अप्पांस उपाशी घालवूं, तुझ्या खुर्चीसाठीं?"

मी आईकडे पाहिलं. आई मान हलवत होती. मला वाटलं, ती पोरीला दटावणार.

"हिरी बरोबर बोलते," आई म्हणाली. "इतकीं वर्षें मी गप्प राहिलें. सभेंत कसें बोलूं? तुझे अप्पा पानाची वाट बघत बसलेले असत. आज बोलतें. महालक्ष्मी करते, तर महालक्ष्मीनें बघावें."

दरवर्षी शेवटचा ठराव असे : रघुपती यांची व्यवस्थापकीय संचालक म्हणून फेरनेमणूक. तो मी वाचला. बाजूने हात वर करा, मी म्हणालो आणि स्वतःचा हात वर केला. दुसरा कुणाचाच हात वर आला नाही. मग महालक्ष्मीचं नाव पुढे आलं. आईचा हात वर गेला, वेंकटरावाचा गेला, हिराबाईने तर दोन्ही वर केले. महालक्ष्मीने एकदा माझ्याकडे पाहिलं. ती आता नको म्हणेल, अशी माझी पक्की समजूत होती. तिने पदर नीट केला आणि स्वतःसाठी स्वतःचा हात वर केला.

मी लिहिलेलं इतिवृत्त फाडलं आणि नवीन लिहिलं. त्यात पहिल्यांदाच 'बहुमताने' असा शब्द आला. आईने सगळ्यांसाठी साधा सांबार-भात वाढला, आणि माझी ती दोघं भावंडं तो चवीने जेवली.

त्यागराजांनी ते इतिवृत्त वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत वाचलं. "आता ही सभा वाटते," ते म्हणाले. मग त्यांनी दाखल्यावर सही केली. कंपनी कायद्याने नीट चालते, तिच्यावर काही बालंट नाही. खाली व्यवस्थापकीय संचालकाच्या जागी महालक्ष्मीचं नाव.

दाखल्याचा फॅक्स सिंगापूरला गेला त्या दिवशी बूथवाल्याने आधी महालक्ष्मीला नमस्कार केला, मग मला. घरी येताना ती माझ्यामागून न चालता बाजूने चालली. पुढच्या कामाचं बोलत होती. लेबल बदलायचं होतं, कुंभकोणमच्या दुकानदाराला माणूस पाठवायचा होता. मी हूं हूं करत होतो. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली.

"रागावलांत कां?"

"नाही," मी म्हणालो.

"रागवा कीं," ती म्हणाली. "आज श्राद्ध नाहीं."